पट्टेवाले भाऊसाहेब

अमरावतीत पहाटे वडाळी तलावाच्या बाजूनं कुत्रा घेऊन फिरायला निघालात, की एक गृहस्थ तुम्हाला गाठतात. नमस्कार वगैरे काही नाही. ते थेट कुत्र्यासमोर उकिडवे बसतात, त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवतात आणि मान वर करून विचारतात, "कोनं बांधला हा?" आवाज असा, की पूल खचल्यावर ठेकेदाराला विचारावं. आपण ओशाळून "मीच" म्हणतो. "मंग सैल करा थो. जीव गुदमरून राह्यला न बाप्पा त्याचा!"

हे पट्टेवाले भाऊसाहेब. प्रत्येक कॉलनीत नाव वेगळं, माणूस तोच. निवृत्त, बहुधा कुठल्याशा खात्यातले ओव्हरसियर. पायात कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशात पेन, पँटच्या खिशात शिंप्याची टेप. लोखंडी टेप त्यांनी नोकरीबरोबर सोडली, कारण ती छातीभोवती वळत नाही. "नोकरीत असताना एवढं मोजलं असतं तर आपल्या वॉर्डातली नाली तरी सरळ गेली असती," असं त्यांच्या माघारी बोललं जातं. मी बोलत नाही. मला त्यांच्या घरी चहा मिळतो.

भाऊसाहेब जन्मतः श्वानप्रेमी नव्हेत. वऱ्हाडातल्या पुष्कळ निवृत्तांसारखं त्यांच्याकडेही कुत्रं वारशानंच आलं, फक्त वारसा उलटा: मुलाकडून बापाकडे. मुलानं पुण्यात लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं, मुलाची बदली बंगलोरला झाली आणि पिल्लू "फक्त दोन महिन्यांसाठी" अमरावतीला आलं. ते दोन महिने अजून संपायचे आहेत. कागदोपत्री नाव ब्रूनो. वहिनी त्याला बिरजू म्हणतात आणि तो बिरजूलाच ओ देतो. सुरुवातीला भाऊसाहेबांचं धोरण साधं होतं: "कुत्र्याले कायचं माप? गुराचं दावं घ्या आन् गाठ मारा."

मग लक्ष्मीपूजनाची रात्र आली. कोपऱ्यावर सुतळी बॉम्ब फुटला. बिरजूनं पुढे झेप घेतली असती तर भाऊसाहेबांनी त्याला धरला असता, पण त्यानं मान खाली घातली आणि मागे अंग काढलं. भाऊसाहेबांच्या हातात साखळी राहिली, साखळीला पट्टा राहिला, पट्ट्यात कोणी राहिलं नाही. घाबरलेलं कुत्रं पुष्कळदा असं उलटंच सरकतं आणि सैल पट्टा कानांवरून निघून येतो, हे ज्ञान त्यांना त्या क्षणी झालं. अर्धी कॉलनी टॉर्च घेऊन हिंडली. बिरजू सकाळी दोन गल्ल्या सोडून एका तलाठ्याच्या ओसरीवर अनारसे खाताना सापडला. तलाठ्यांनी त्याला ओळखलं नव्हतं, कारण ज्यावर फोन नंबर लिहायचा तो पट्टा भाऊसाहेबांच्या हातात होता. त्या दिवसापासून त्यांनी जगातल्या सगळ्या कुत्र्यांची मापं काढायला घेतली.

त्यांचं शास्त्र खरोखर ऐकण्यासारखं आहे, फक्त ते रस्त्यात उभ्यानं ऐकावं लागतं. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जायला हवीत. त्याहून सैल तर कुत्रं निसटतं, त्याहून घट्ट तर श्वासनलिकेवर दाब येतो. ज्याला ओढायची खोड आहे, त्याची साखळी गळ्याला अडकवूच नये. त्याला छातीचा हार्नेस घालावा. त्यासाठी पुढच्या पायांच्या थोडं मागे, बरगड्यांचा घेर सगळ्यात मोठा असतो तिथे टेप फिरवायची. समोरून पट्ट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या जुळल्या पाहिजेत, म्हणजे ओढ छातीच्या हाडावर येते आणि खांदे मोकळे राहतात. पट्टी खांद्यावरून आडवी गेली की धावताना पाय अडतो. काखेत रुतली की कातडी सोलवटते. शेवटी कुत्र्याला बिस्कीट दाखवत मागे सरकवून बघायचं. उलट्या पावली निघाला तर हार्नेस दुकानदाराला परत.

"लार्ज, एक्सेल हे बनियनचे नंबर हायेत," ते सांगतात. "कुत्र्याची छाती इंचात असते." एका कंपनीचा लार्ज दुसऱ्या कंपनीचा मीडियम निघतो, हे त्यांनी स्वखर्चानं सिद्ध केलंय. त्यांच्या दिवाणाखाली बिरजूला न बसलेल्या हार्नेसचं एक संग्रहालय आहे. वहिनींच्या मते त्या पैशात नवा फ्रीज आला असता, आणि फ्रीजचं माप एकदाच घ्यावं लागतं.

अमरावतीच्या पाण्यात मुळात व्यायाम आहे. इथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. अशा गावचा कुत्रा पलंगाखाली लोळत पडतो म्हणजे काय? म्हणून भाऊसाहेब बिरजूला खेळाडू समजतात, त्याच्या साहित्याला 'किट' म्हणतात आणि मालटेकडी चढून झाल्यावर काखेत हात घालून कुठे काही लाल झालंय का ते बघतात. बिरजूच्या. स्वतःचे गुडघे कसे आहेत, ते वहिनी रात्री तेल लावताना ऐकतात.

त्यांची फजिती मी एकदाच पाहिली. चांदूर बाजारकडचा एक शेतकरी आपलं कारवान कुत्रं घेऊन आला होता. लांब पाय, आत ओढलेलं पोट, आणि डोकं मानेपेक्षा बारीक. भाऊसाहेबांनी दोन बोटांचा नियम लावला, पट्टा बसवला, "आता हालत नाही" म्हणाले. कुत्र्यानं नुसतं डोकं झुकवलं आणि पट्टा जमिनीवर. हा जातिवंत शिकारी वाण. त्याचाच सोयरा मुधोळ हाउंड २००५ मध्ये भारतीय टपालाच्या तिकिटावर झळकला. पण तिकिटावर चिकटला म्हणून गळ्यातल्या पट्ट्यात राहील असं नाही. अशा बारीक डोक्याच्या कुत्र्याला दुहेरी फाशाचा पट्टा लागतो: ओढला की थोडा आवळतो आणि ठरल्या जागी थांबतो. पूर्ण आवळत जाणारी चोक चेन नव्हे. तिचं नाव काढलं तरी भाऊसाहेब बूट काढतात. हे सगळं त्यांनी सांगून झाल्यावर तो शेतकरी शांतपणे म्हणाला, "साहेब, आमी पोयाच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हयद-तुपानं शेकतो. वर्षभर जू वायलं, म्हून माफी मांगतो. तुमी त कुत्र्याची रोजच माफी मांगून राह्यले!" भाऊसाहेबांना हे इतकं आवडलं, की आता ते वाक्य ते स्वतःचं म्हणून सांगतात.

अकोल्याचे पट्टेवाले भाऊसाहेब जरा वेगळे. त्यांच्या शहरात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे "डॉक्टर म्हनले" हे ठिगळ असतं. डॉक्टर कोणते, कधी म्हणाले, हे विचारायचं नाही. पण एका बाबतीत अकोलेकराला मानलं पाहिजे: उन्हात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि हे अकोल्यात तक्रार म्हणून कमी, मोठेपणा म्हणून जास्त सांगितलं जातं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून, धापा टाकून अंग थंड करतो. तेव्हा तोंड आवळून बांधणारी कापडी जाळी घालून त्याला उन्हात फिरवणं म्हणजे त्याचा एकुलता एक कूलर बंद करणं. जाळी लागतच असेल तर टोपलीसारखी, आत तोंड उघडता येईल, जीभ बाहेर काढता येईल, पाणी पिता येईल अशी.

रस्त्याचंही तसंच. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. अमरावतीचे भाऊसाहेब हा विक्रम स्वतः रोलर चालवल्यासारखा सांगतात. अकोल्याच्यांचं म्हणणं, "विक्रमी असंन, पण डांबर थे डांबरच. हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजा. चटका बसला त कुत्र्याले बाहीर काढू नोका." यावर अमरावतीच्यांनी बिरजूसाठी चार बूट मागवले. बिरजू पाय उचलायचा आणि कुठे ठेवावा हे न सुचून तो हवेतच धरायचा. दोन बूट पहिल्याच दिवशी गटारात गेले. सकाळी लवकर उठणं स्वस्त पडतं, या निष्कर्षावर दोन्ही शहरांचं एकमत आहे; दुसरं कुठलं मला आठवत नाही.

वडाळी-पोहऱ्याच्या बाजूला बिबट्याचा वावर असतो, म्हणून मध्यंतरी भाऊसाहेबांनी हिमालयातल्या मेंढपाळांची कुत्री घालतात तसला लोखंडी काट्यांचा पट्टा मिळवला होता. बिरजूला बिबट्या भेटला नाही. पहिली जखम सोफ्याला झाली, दुसरी भाऊसाहेबांच्या पोटरीला. बिबट्याच्या भागात अंधारात कुत्रं मोकळं सोडू नये आणि रात्री घरात घ्यावं, एवढं वहिनींनी पट्ट्याशिवायच सांगितलं होतं. तो पट्टा आता दिवाणाखालच्या संग्रहालयात मध्यभागी ठेवलेला आहे.

कायदाही त्यांना पाठ आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, कलम ११: कुत्र्याला फार आखूड किंवा फार जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि सदोदित बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही गुन्हाच. कॉलनीतल्या एका बंगल्यात गेटला बैलाच्या साखळीनं बांधलेला अल्सेशियन होता. भाऊसाहेबांनी मालकाला कलम वाचून दाखवलं. मालकानं शिक्षा विचारली. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. मालक खिशात हात घालू लागला. भाऊसाहेब घरी आले, त्यांच्या संग्रहालयातला मोठ्यात मोठा हार्नेस आणि सहा फुटांची हलकी दोरी घेऊन परत गेले, आणि तेव्हापासून तो अल्सेशियन रोज पहाटे बिरजूबरोबर तलावावर असतो. मालक झोपलेला असतो. भाऊसाहेब कंटाळवाणे आहेत, हट्टी आहेत, दुसऱ्याच्या कुत्र्याला बोटं लावण्यापूर्वी विचारत नाहीत, आणि पट्ट्याच्या बाबतीत दर वेळी बरोबर असतात. या चारही गोष्टी सहन करण्यापलीकडच्या आहेत.

स्कूटरच्या फूटबोर्डवर कुत्रा उभा करून त्याची साखळी हँडलला बांधणारे लोक त्यांना दिसले, की ते भर इर्विन चौकात हात आडवा करतात. "ब्रेक मारला त गळ्याले फास बसंन त्याले!" हे ओरडायला ते स्वतःच्या गाडीवरून उतरतात, तेव्हा त्यांचं हेल्मेट डोक्यावरून घरंगळून रस्त्यावर पडतं. त्याचा पट्टा त्यांनी घेतल्यापासून एकदाही लावलेला नाही. वहिनींनी सांगून पाहिलं, मुलानं बंगलोरहून फोनवर सांगून पाहिलं. "मले टोचते," म्हणतात. तुमच्या ओळखीत अमरावतीचा कोणी वाहतूक हवालदार असेल, तर त्यानं कृपा करून एकदा भाऊसाहेबांच्या हनुवटीखालचं माप घ्यावं.