पोहे, संदर्भासहित

नागपूर भारताच्या बरोब्बर मध्यावर आहे, हे आम्हा नागपूरकरांना जन्मतःच ठाऊक असतं. मराठी विकिपीडियावर झीरो माइलच्या खांबाबद्दल मी तेच लिहिलं. पंधरा मिनिटांत वाक्याच्या शेपटाला चिकटलेलं दिसलं : 'संदर्भ हवा'. मी काढलं, त्याने परत लावलं. असं तीन रात्री चाललं. हा माणूस पुण्याचा, निवृत्त आणि पित्ताचा रुग्ण असणार, अशी माझी खात्री पटली. (तिन्हींना संदर्भ नव्हता.)

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तेव्हापासून सगळं फुकटात चाललंय. पगार नाही, लेखाखाली नाव नाही. चर्चापानावर चार टिल्डा मारल्या की सही उमटते, तीही बहुतेकदा तक्रारीखाली. माणूस टिकणार कसा? विकिपीडियाच्या चावडीवर टाकायला मी निरोपाचा मजकूरसुद्धा तयार ठेवला होता. तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, नागपूरवाले एकदा भेटू या. विकिकरांचा जागतिक मेळा, विकिमॅनिया, २००५ मध्ये पहिल्यांदा जर्मनीत फ्रँकफुर्टला भरला होता. आमचा झीरो माइलला, सकाळी सातला. मे महिना होता. नऊनंतर इथे माणूस भेटत नाही, भाजतो.

'नक्की येतो' म्हणणारे १४. आले पाच; त्यातला एक फिरायला निघालेला, चुकून थांबलेला. आणि माझा वैरी? मागच्या गल्लीतले काका. त्यांची शिडी गेल्या दिवाळीपासून माझ्याकडेच आहे.

"अरे बावा," काका तिथल्या चार दगडी घोड्यांसमोर सुरू झाले, "ही सर्व्हेवाल्यायची खूण आहे, १९०७ ची. आन् मध्य कोनत्या हिंदुस्थानचा? ४७ मध्ये नकाशा बदलला, खांब सरकला का?"

मी घोड्यांकडे पाहिलं. त्यांनीही साथ दिली नाही.

मग ठेल्यावर पोहे, तर्री मारके. आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरीने मुक्त परवान्याखाली चढवायला प्लेटचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. हक्क मोकळे झाले, पोहे गार झाले. तर्री आणि रस्सा यांत फरक काय, यावर पाऊण तास वाद रंगला. त्यात सगळ्यात जास्त बोलला तो फिरायला निघालेला. आता तो आमच्यात सर्वाधिक संपादनं करतो. माझा निरोपाचा मजकूर अजून फोनमध्ये आहे; काकांना दाखवला तर ते आधी शुद्धलेखनाच्या चुका काढतील.

त्या रात्री मी नमतं घेऊन वाक्यात 'असे मानले जाते' घातलं. पाच मिनिटांत चर्चापानावर उत्तर आलं :

'कोण मानते? शिडी पाठवून दे.'

खाली रीतसर सही.