एक कथा, प्रती सात

मुलुंड पूर्वेस आमच्या सोसायटीत राहणारे लेखकराव (त्यांचे खरे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून थेट ठाण्याच्या वेशीपर्यंत प्रत्येक उपनगरात त्यांची एकेक प्रत आढळते) सरकारी दफ्तरात हयात घालवून सेवानिवृत्त झाले, तेव्हा टेबल, खुर्ची आणि शिक्के त्यांनी इमानेइतबारे सरकारजमा केले. बारनिशी ठेवण्याची सवय मात्र घरी घेऊन आले. त्या बारनिशीत आता त्यांच्या कथांची आवकजावक नोंदली जाते. जावक तारीख, अंकाचे नाव, जाण्याची तिकिटे, परतीच्या लिफाफ्यावरची तिकिटे आणि शेवटी शेरा, असे रकाने लाल शाईने आखलेले असून, शेऱ्याच्या रकान्यात 'साभार परत' किंवा 'उत्तर नाही' यांखेरीज तिसरे काही क्वचितच आढळते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण महाराष्ट्रातील होतकरू लेखकांना वर्षातून एकदाच उघडणारा दरवाजा करून देत आहो, याची त्यांना कल्पना नसावी. दिवाळी अंकाची कथा आषाढाच्या सुमारास रवाना व्हावी, गणपती बसेपर्यंत तिचा निकाल लागावा आणि न लागल्यास तिने पुढील सालची वाट पाहावी, असा हा मामला. एका वेळी एकाच संपादकाकडे कथा पाठविण्याचा जुना सभ्य रिवाज पाळायचा, तर सात संपादकांच्या पायऱ्या चढून उतरण्यास सात दिवाळ्या जातात, आणि तेवढ्या अवधीत कथेतील नायिकेची मुलगी लग्नाला येते. लेखकरावांनी हा हिशेब सेवेत असतानाच मांडला होता.

आरंभी मुभा मर्यादित होती. कार्बन कागद घालून कितीही दाबून लिहिले, तरी चौथ्या प्रतीपुढे अक्षर उमटत नसे, आणि तेवढ्यापुरते मराठी संपादक सुरक्षित होते. त्यातही वर्णव्यवस्था होती: मूळ प्रत प्रतिष्ठित मासिकाला, दुसरी खपाच्या अंकाला, तिसरी जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि जिच्यातील नायक-नायिका केवळ निळसर धुक्यासारखे दिसत, ती चौथी ज्ञातिसंस्थेच्या मुखपत्राला. पुढे स्टेशनाबाहेर झेरॉक्सचे दुकान निघाले आणि ही मर्यादा उरली नाही.

प्रत्येक प्रतीसोबत मात्र एकाच मजकुराचे पत्र जाई: "सदर प्रत केवळ आपल्याच अंकाकरिता असून अन्यत्र पाठविलेली नाही." एकदा मी याविषयी छेडले असता ते किंचितही न विचलता म्हणाले, "अहो, नीट वाचा. सदर 'प्रत' म्हटलंय. ती अन्यत्र पाठवलीय का? अन्यत्र पाठवल्या त्या बाकीच्या सहा."

त्यांचा दुसरा युक्तिवाद याहून बळकट होता. उपवर मुलीची पत्रिका बाप दहा ठिकाणी देतो, त्यास कोणी लबाड म्हणत नाही. मग कथेनेच एका घरचा होकार येईपर्यंत माजघरात का बसावे? यात तथ्य आहे, हे मला मान्य करावे लागते. अमेरिकेतील कितीतरी साहित्यिक नियतकालिके अशा बहुमुखी पाठवणीस हरकत घेत नाहीत. आधी तसे कळवा आणि एकाने कथा घेतली, की उरलेल्यांस तत्काळ वर्दी द्या, एवढीच त्यांची अपेक्षा. शिवाय जो संपादक साधी पोचही देत नाही, त्याने लेखकाकडून एकनिष्ठेची अपेक्षा करावी, हा मला सरंजामी हट्ट वाटतो. पण सगळेच संपादक तसले नसतात. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात 'सत्यकथे'तून कथेच्या दुरुस्तीसंबंधी लेखकाला सविस्तर पत्रे जात. अशा एखाद्याने रात्री जागून शेवट सुधारण्याविषयी दोन पाने लिहावीत, आणि तीच कथा जुन्या शेवटासह दुसऱ्याच अंकात त्याच्या हाती पडावी, हे निदान त्या जागरणाशी बेइमानीचे आहे.

लेखकरावांची वर्दी कधीच जात नसे. पत्रिकेच्या दृष्टांतातील "आमचे जमले, क्षमस्व" हे कलम ते सोयीस्करपणे गाळीत. परिणामी एका दिवाळीस त्यांची एकच कथा तीन अंकांत, प्रत्येक संपादकाने बदललेल्या तीन निरनिराळ्या शीर्षकांनी प्रसिद्ध झाली. तीन चित्रकारांनी तीन नायिका काढल्या होत्या: एकीचा बॉबकट, दुसरीस नऊवारी, आणि तिसरी, कथेत ती विधवा असूनही, ठसठशीत कुंकू लावलेली. संपादक एकमेकांचे अंक वाचीत नसल्याने हे प्रकरण दडपलेही गेले असते. पण तळमजल्यावरच्या वहिनी वाचनालयाची दिवाळी अंक योजना घेऊन पानन् पान वसूल करतात. तिसऱ्या अंकाच्या वेळी त्यांनी जिन्यातच विचारले, "काका, हिचा नवरा आणखी किती वेळा मरणार?" वहिनींनी ही वार्ता वाचनालयात दिली आणि तेथून ती यथाक्रम तिन्ही कचेऱ्यांत पोहोचली. तिन्ही मानधने तहकूब झाली.

यंदा मी आग्रहाने बसून त्यांस माघारपत्राचा मसुदा करून दिला. पहिला होकार येताच त्यांनी तो दफ्तरी शिस्तीने अमलात आणला: "उपरोक्त विषयांकित कथा या पत्रान्वये परत घेण्यात येत आहे" असे परिपत्रक काढून, "सर्व संबंधितांस" म्हणून सातही प्रती त्यांनी एकाच टपालाने रवाना केल्या. सातवी, अर्थातच, ज्याने कथा स्वीकारली होती त्या संपादकास. त्यानेही पत्राचा मान राखून कथा गाळली, आणि त्या पानावर कुठल्याशा पतपेढीची जाहिरात आली.

मी सांत्वनास गेलो, तर लेखकराव बारनिशी पुढ्यात घेऊन प्रसन्नपणे बसले होते. "कथा आता पूर्णपणे बोजामुक्त आहे," ते म्हणाले, "कुणाचाही हक्क, दावा, तक्रार नाही. पुढल्या आषाढात नऊ ठिकाणी पाठवायला काही हरकत आहे का?"