अर्धा इंच कमी, दहा वर्षं आत

अमेरिकेत बंदूक विकत घेणं सोपं आहे. तिची नळी किती लांब घ्यायची हे ठरवायला मात्र एक वकील, एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि एक शिंपी असे तिघे सोबत न्यावे लागतात.

गिऱ्हाइकाला हवं असतं 'एआर पिस्तूल'. सैन्याच्या एम-१६ची नागरी बहीण म्हणजे एआर-१५ रायफल. हे तिचंच बुटकं भावंड: नळी तोकडी आणि खांद्याला टेकवायचा दस्ता नाही. वजन अडीच किलोच्या घरात. कायद्याच्या लेखी पिस्तूल म्हणजे एका हाताने झाडण्यासाठी घडवलेलं हत्यार. हे धूड एका हाताने उचलून नेम धरणाऱ्याने आधी तालमीत नाव घातलेलं बरं. पण व्याख्या ती व्याख्या. दस्ता लावला की ती झाली रायफल, आणि रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा कमी असून सरकारदरबारी नोंद नसेल, तर १० वर्षांपर्यंत तुरुंग. म्हणजे १६ इंची नळी, दस्त्यासकट: सभ्य नागरिक. साडेदहा इंची, दस्त्यावाचून: सभ्य नागरिक. साडेपंधरा इंची, दस्त्यासकट: चला आत.

बरं, दस्ता काढून टाकला म्हणून सुटका होईल असं समजू नका. बंदूक मुळात रायफल म्हणून जन्माला आली असेल, तर पुढे तुम्ही तिची नळी छाटा, दस्ता उपटून फेका, ती पिस्तूल होत नाही. ती 'रायफलीपासून बनवलेलं हत्यार' ठरते. उलट, जन्माने पिस्तूल असेल, तर त्याची मधल्या काळात रायफल करून पुन्हा पिस्तूल करता येतं. २०११ साली बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय खात्याने, म्हणजे एटीएफने, तसा लेखी निर्वाळाच दिला. थोडक्यात, जात जन्माने ठरते, कर्माने नाही. हे तत्त्व ऐकायला आपल्याला सातासमुद्रापार जायची गरज नव्हती.

नळी मोजण्याचाही विधी आहे. नळी मागून झाकणारा बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून काठी आत सरकवायची, ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करायची आणि काठी बाहेर काढून पट्टी लावायची. तोंडावरचा ज्वाळा दाबणारा तुकडा नुसता आट्यांवर फिरवून बसवला असेल, तर तो मोजायचा नाही. पिन ठोकून वेल्डिंग केलं असेल, तर मोजायचा. सैन्याच्या एम-४ कार्बाइनची नळी साडेचौदा इंचांची. अगदी तशीच हवी म्हणून हटून बसलेले हौशी लोक नळीच्या तोंडावर असला लांबट तुकडा कायमचा डागून घेतात आणि १६चा आकडा गाठतात. गोळीला त्या जादा लोखंडाचा फायदा शून्य. मालकाला दहा वर्षांचा.

आता प्राध्यापकांकडे वळू. ५.५६ मिलिमीटरचं काडतूस घडवलं गेलं ते २० इंची नळी डोळ्यांसमोर ठेवून. गोळी चिमुकली, सगळी मदार वेगावर, तोही सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास. नळी साडेसात इंचांवर आणली की दारू जळून संपायच्या आत गोळी बाहेर पडते, वेग चौथ्या हिश्श्याहून अधिक घटतो आणि उरलेली दारू नळीबाहेर भडकते. नेमबाजीच्या मैदानावर शेजारी उभा असलेला सज्जन दरवेळी दचकतो. म्हणून जाणकार साडेदहा किंवा साडेअकरा इंचांवर तडजोड करतात. ज्यांना त्याहून आखूड हवी, त्यांच्यासाठी .३०० ब्लॅकआउट हे निराळं काडतूस आहे. त्याची दारू नऊएक इंचांत जवळपास जळून जाते.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पण प्राध्यापकांना पुढचा प्रश्न विचारून पाहा: आखूड नळीची बंदूक नीट आवरायची कशी? ते सांगतील, खांद्याला टेकवा. वकील लगेच त्यांच्या तोंडावर हात ठेवतील. बंदूक ज्याने काबूत राहते तो दस्ता लावलात तर आधी नोंदणी. तो न लावता हातात थरथरणारी तीच बंदूक दुकानातून थेट घरी. सार्वजनिक सुरक्षिततेचा इतका सूक्ष्म विचार कुणाच्या डोक्यातून निघाला असेल?

त्याला १९३४ साल कारण. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी देश हैराण झाला होता. अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या नोंदणी-कायद्याच्या मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलंही होती. पिस्तुलांवर निर्बंध आले की लोक रायफली कापून खिशात घालतील, म्हणून आखूड नळीचं कलम आलं. मग विरोध झाला आणि मसुद्यातून पिस्तुलं वगळली गेली. ज्याच्यासाठी कुंपण घातलं ते मोकळं सुटलं, कुंपण मात्र तसंच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. त्या शेपटाचं माप आधी १८ इंच होतं, ते १९६० साली रायफलीपुरतं १६वर आलं. काल गुन्हेगार असलेली १७ इंची रायफल रातोरात अब्रूदार झाली. शॉटगनचं माप १८वरच राहिलं, तिची बाजू कोण घेणार?

दस्त्यावरून खरा तमाशा रंगला तो २०१२नंतर. एका माजी सैनिकाने अपंग मित्रासाठी एक जाड पट्टी बनवली: पिस्तुलाच्या मागच्या नळकांड्यावर बसवायची आणि कोपराखाली हाताला बांधायची. 'ब्रेस' तिचं नाव. एटीएफने मान्यता दिली. थोड्याच दिवसांत धडधाकट लोकांनाही हाताच्या आधाराची अतोनात गरज भासू लागली. योगायोग असा की ती पट्टी खांद्यावर फार छान बसते. २०१४ साली खातं म्हणालं, टेकवा खांद्याला, हरकत नाही. २०१५च्या जानेवारीत म्हणालं, खबरदार, टेकवलीत की ती रायफल! २०१७ साली म्हणालं, आमच्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता. २०२१ साली तर चक्क गुणपत्रिकेचा प्रस्ताव आला: पट्टी कशी, किती मागे, किती रुंद याचे गुण द्यायचे आणि एका विभागात चार गुण पडले की रायफल. जास्त गुण मिळवून नापास होण्याची सोय जगात बहुधा इथेच निघाली असेल. ती गुणपत्रिका बारगळली, पण २०२३च्या जानेवारीत नियम आलाच. नोंदणीला १२० दिवस. खात्याच्याच अंदाजाने अशा पट्ट्या ३० लाख. नोंदणीसाठी अर्ज आले अडीच लाखांच्या आसपास. बाकीचे कुठे गेले ते पट्ट्यांनाच ठाऊक. जून २०२४मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायाधीशांनी अख्खा नियम रद्द केला. ज्यांनी घाबरून पट्ट्या कापून कचऱ्यात टाकल्या, त्या आज्ञाधारक नागरिकांचं सांत्वन कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

तिकडे एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या मराठी अभियंत्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवाद? शिकारीचा वैध परवाना. हरीण मारायचा कागद खिशात असला की हे पिस्तूलही चालतं. मग हरणाने नळीची लांबी विचारली नाही म्हणजे मिळवलं.

राहता राहिले पैसे. १९३४ साली या नोंदणीवर २०० डॉलर कर बसवला. तेव्हा टॉमी गन या मशीनगनची किंमतच जवळपास तेवढी होती. नव्वद वर्षांत तो एक सेंटही वाढला नाही. पुढे १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ग्राह्य धरला, तो करवसुलीचा कायदा म्हणून. आता २०२५च्या जुलैत मंजूर झालेल्या कायद्याने आखूड रायफलीवरचा हा कर १ जानेवारी २०२६पासून शून्य केला आहे. फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, दहा बोटांचे ठसे द्यायचे आणि शून्य डॉलर कर जमा करायचा. जो कर उरलाच नाही त्याच्या वसुलीसाठी कायदा कशाला, असे दावे न्यायालयात दाखल झाले आहेत. निकाल लागेपर्यंत गिऱ्हाइकांनी मोजपट्टी जवळ बाळगावी. १६ इंच अजून १६च आहेत.