गाडीचा कौल

तुळजापुरात गाडी बंद पडली तर मिस्त्री शोधावा लागत नाही. तो आपणहून येतो, आणि एकटा येत नाही.

आमची मारुती आठशे कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. 796 सीसी, तीन सिलिंडर. सोलापूरच्या रस्त्यावर गुणी लेकरासारखी पळते. पण गावात गर्दीत उभी राहिली की तिच्या अंगात येतं. बॉनेट घुमतं, आरसे थरथरतात, आणि पुढं काढायला पाय दिला की आधी आवंढा गिळते, मग हलते. एका मंगळवारी परगावच्या एका मावशींनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. मी अडवलं नाही. तोवर झालेल्या उपायांत तोच बिनखर्चाचा होता.

निदानं मात्र फुकट मिळाली. टपरीवरचे अण्णा म्हणाले, प्लग गेले. रिक्षावाला म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. ऊसवाले मामा म्हणाले, "त्या इथेनॉलनं घात केला बघा."

"पण मामा, ते तुमच्याच उसाचं ना?"

"मग! बिल अजून मिळालं नाही. म्हटलं, उसाचा कुठंतरी परिणाम दिसू द्या."

गॅरेजमधल्या पोरानं तर प्लग, कॉइल, कार्ब्युरेटरचं किट अशी यादीच काढली. "सगळंच बदलू, म्हणजे दुखणं राहतंच कुठं?" राहत नाही हे खरं, पण मग जुनी गाडीही फारशी राहत नाही.

शेवटी आई म्हणाली, "चिंतामणीला विचार." देवळातला हा गोल दगड. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर थांबा. मला त्याची पद्धत फार आवडते. एका वेळी एकच प्रश्न, आणि प्रश्नाआधी उत्तर नाही. गॅरेजात नेमकं उलटं असतं.

म्हणून गाडीलाच कौल लावायला घेतला. इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर काढायची (रबरी टोपीला, इन्सुलेशनच्या पकडीनं, नाहीतर कौल थेट हातात मिळतो). वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर मिसिंग तिथंच. आमचे तिन्ही कामाला होते. अण्णांचे प्लग सुटले.

दुसरा प्रश्न: रेस दिल्यावर थरथर कमी होते का? होते. मग संशय चोरट्या हवेवर. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त असते. रबरी पाइपाला बारीक चीर असली तरी तिथून हवा आत घुसते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन अडखळतं. रेस दिली की येणाऱ्या हवेपुढं ती चोरी किरकोळ ठरते.

आवंढ्याचंही बघितलं. इंजिन बंद करून कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावलं आणि थ्रॉटल हातानं हलवला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली. म्हणजे ती पिचकारी मारणारा पंपही निर्दोष. मिश्रण मुळातच पातळ, त्यावर एकदम पाय दिला की इंजिनाला ठसका लागणारच.

मग इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून चिमटीत दाबले. एकावर बोट पडलं आणि बाईसाहेब शांत. वळणावर चीर होती. रबराचं वय झालेलं, त्यात इंजिनाची धग. दोष कुणालाच देता येईना. मामांचंही अर्धं बरोबर निघालं: इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, मिश्रण आणखी पातळ होतं, आणि ते ओळखून सुधारायला कार्ब्युरेटरच्या गाडीत सेन्सर नसतो. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. बिल मिळाल्यावर सांगीन.

तुमची जुनी गाडी अशी घुमत असेल तर पार्ट बदलण्याआधी पाइप दाबून बघा. आणि दुकानात जाताना जुना तुकडा सोबत न्या. नुसतं "आठशेचा पाइप द्या" म्हटलं की रेडिएटरचा हातात पडतो.