गॅलरीतले आबा

कोल्हापुरात फुटबॉल तालमी खेळतात. तालमींची नावं पाठीवर घेऊन पेठांची पोरं राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतात, आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की शहरातल्या बऱ्याच जणांना दुपारनंतर नेमकं बाहेरचं काम निघतं. या शहरात पेठेगणिक एक आबा असतात. त्यांनी स्वतः कधी बूट बांधले होते का, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर ते गुडघा दाखवतात.

सामना चारला, आबा तीनला गॅलरीत. संघ मैदानात यायच्या आधीच त्यांना अकरा नावं कळलेली असतात आणि नापसंतही झालेली असतात. "सात नंबर बाहेर बसवला? खुळा झालाय काय ह्यो कोच!" गेल्या सामन्यात त्याच सात नंबरला "काढा की त्याला" म्हणत घसा बसवून घेणारे आबाच होते, पण हे त्यांना सांगण्याची छाती पेठेत कुणाची नाही.

डावपेच समजवायचे तर आबा शेजाऱ्याची खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी मागून घेतात आणि कागद मांडीवर पसरतात. गोलकीपरला सगळ्यात टपोरा दाणा. मग चार मागं, तीन मध्ये, तीन पुढं. "आता हा लेफ्ट बॅक. गार्डिओला याला कडेला ठेवत न्हाई, आत मिडफिल्डला घेतो." दाणा आत सरकतो. इतक्यात मैदानावर कॉर्नर मिळतो. आबांची नजर तिकडे, हात कागदावर, आणि बोलण्याच्या भरात लेफ्ट बॅक तोंडात. पुढचं विश्लेषण दहा जणांवर चालतं. कुणी बोट दाखवलंच तर "रेड कार्ड मिळालं त्याला" म्हणून मोकळे.

प्रशिक्षकाला पाच खेळाडू बदलता येतात आणि मध्यंतर सोडलं तर त्यासाठी खेळ तीनदाच थांबवता येतो. आबांना असली अडचण नाही. विसाव्या मिनिटाला त्यांनी निम्मा संघ बदललेला असतो. साठाव्या मिनिटाला प्रशिक्षकानं त्यातलाच एक बदल केला, की आबा मागच्या रांगेकडे वळून म्हणतात, "चाळीस मिनिटं लागली ह्येला कळायला."

त्यांची हुकमत शाहू स्टेडियमपुरती नाही. 2022 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना 2-0 नं पुढं असताना 64 व्या मिनिटाला प्रशिक्षक स्कालोनीनं डी मारियाला बाहेर घेतलं. त्यानंतर फ्रान्सच्या एम्बापेनं लागोपाठ दोन गोल मारले. शेवटी पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली, चौकात फटाके उडाले. आबांनी मात्र स्कालोनीला अजून माफ केलेलं नाही. "कप मिळाला म्हणून चूक बरोबर होती का?" याला उत्तर नाही. उलट फ्रान्सचा प्रशिक्षक डेशाँनं 41 व्या मिनिटालाच जिरू आणि डेम्बेले या दोघांना बाहेर काढलं, ते आबांना मनापासून पटलं. तो हरला, ही गोष्ट वेगळी.

आबांचं सगळंच चुकतं असं मात्र नाही. आपला बॅक दमलाय हे बाकावरच्या मंडळींआधी त्यांना दिसतं, कारण त्या पोराला ते शाळेच्या मैदानापासून पाहत आलेत. पण इतक्या हाकांमध्ये ही एक खरी हाक ऐकणार कोण?

पेठेच्या संघाचे प्रशिक्षक येतात नि जातात. आबांची बदली झालेली अजून कुणी पाहिलेली नाही.