कपाटपारखी

कपाटपारखी हा साधारण पंचेचाळिशीचा, स्वतःची सदनिका असलेला आणि तीत जागा नसलेला गृहस्थ असतो. त्याचा राहता पत्ता पुण्याचा किंवा ठाण्याचा आणि मूळ गाव मैंदर्गीसारखे. अक्कलकोटला स्वामींचे दर्शन झाले की तो तशीच गाडी पुढे मैंदर्गीकडे काढतो. आत्याच्या घरी पोचल्यावर पायांवर पाणी घेण्याआधीच त्याची नजर माजघराच्या भिंतीवरून फिरलेली असते. आत्याला वाटते, भाचा घराच्या ओढीने आला. भाच्याला ओढ असते ती तिच्या लोणच्याच्या बरण्या ज्यात आहेत त्या कपाटाची.

त्याच्या शब्दसंग्रहात ‘जुने’ हा शब्द नसतो. वस्तू एक तर ‘अँटिक’ असते, नाहीतर ‘व्हिंटेज’. बाजारातला संकेत असा की शंभर वर्षे भरली तर अँटिक, त्याहून कमी पण हयात पिढीच्या तरुणपणातले ते व्हिंटेज. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानेही सर्वसाधारण वस्तूंसाठी शंभर वर्षांचीच अट घातली आहे; शिवाय त्या वस्तूला ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असावे लागते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. कपाटपारख्याला हा कायदा पाठ असतो. आत्याचे कपाट परदेशी न्यायचा कोणाचाही विचार नसला तरी तो ते एकदा बजावून ठेवतो.

त्याची पहिली अडचण इतिहासानेच करून ठेवलेली आहे. या भागातल्या घरांत साठवण भिंतीत होती, लाकडी कपाटात नव्हती. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर माळवद अशा घरात दिव्याला कोनाडा, भांड्यांना आणि कागदपत्रांना फडताळ, ज्वारीला कणगी किंवा बळद आणि फार झाली तर जमिनीतले पेव अशी सोय असे. लुगडी पेटाऱ्यात, दागिने संदुकीत आणि बाकीचे सगळे उतरंडीत. चार पायांवर मोकळे उभे राहणारे कपाट ही वस्तू सुखवस्तू घरांत उशिरा आली. सोलापूर ते रायचूर हा लोहमार्ग १८७१ मध्ये पुरा झाला आणि अवजड सामान या टापूत आणणे सोपे झाले. तेव्हा मैंदर्गीत खरोखर जुने मोकळे कपाट सापडणे हे मुळातच दुर्मीळ. कपाटपारख्याला मात्र ते दर फेरीला सापडते.

फडताळ तर त्याला वेडच लावते. कोरीव चौकट, लोखंडी कडीकोयंडा, आत तीन फळ्या. पण वस्तूचा मुख्य भाग म्हणजे भिंतीतले भोक, आणि ते टेंपोत चढत नाही. यावरही या जातीने तोड काढली आहे. चौकट आणि दारे तेवढी उपसून न्यायची, पुण्यात सहा इंची विटांच्या भिंतीपुढे प्लायवूडची दुसरी भिंत उभारायची आणि तीत ती बसवायची. दिवाणखाना फूटभर लहान होतो. इकडे मैंदर्गीत उघड्या पडलेल्या भोकावर आत्या जुन्या साडीचा पडदा लावते, आणि तिचे सामान पूर्वीइतकेच नीट राहते.

लाकडाबाबत त्याचे मत ठरलेले असते: बर्मा टीक. ब्रह्मदेशाचे सागवान मुंबईत उतरत असे हे खरे, त्याच्या उत्तम वस्तू अजून टिकून आहेत हेही खरे. पण मैंदर्गीच्या कोरड्या माळावर साग उगवत नाही आणि गावच्या सुताराच्या हाताशी होते ते लिंब आणि बाभूळ. कडुनिंबाचे लाकूड वय वाढेल तसे तांबूस होते. पारखी ते पाहून दबक्या आवाजात ‘महोगनी’ म्हणतो. वनस्पतिशास्त्र त्याला अर्धे गुण देईल, कारण कडुनिंब आणि महोगनी एकाच कुळातले, म्हणजे नात्याने चुलत भावंडे. शेजारचा सुतार मात्र फळीच्या कडेला नख लावून सांगतो, ‘‘लिंबाचं हाय हो सर, तुमच्या आजोबांच्या परड्यातलं.’’ पारखी हे हसून सोडून देतो. गावातल्या माणसाला स्वतःच्या वस्तूची किंमत कळत नाही, हा त्याचा पक्का सिद्धान्त असतो.

खरी पारख कपाटाच्या पाठीशी होते. दर्शनी बाजू कोणीही सजवू शकतो. मागची फळी, खणाचा तळ आणि दाराची आतली कड यांच्यावर मेहनत घेणारा लबाड विरळा. पाठीला प्लायवूड असेल तर कपाट किंवा निदान त्याची पाठ विसाव्या शतकातली. खणाचे कोपरे लाकडात लाकूड अडकवून जोडले आहेत की खिळे ठोकून, हे खण पूर्ण बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. बिजागरीला अधिकचिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसले तर तेही ध्यानात घ्यावे, कारण ते १९३० च्या दशकात अमेरिकेतून पुढे आले. पेशव्यांच्या सुताराकडे ते असण्याचा संभव नाही. पॉलिश चपड्याचे असेल तर आडबाजूला स्पिरिटचा बोळा घासताच चिकट होते. लाकडाला बारीक भोके असली तर खाली ताजी पिवळसर भुकटी पडते का ते पाहायचे. पडत असेल तर किडा अजून कामावर आहे. कपाटपारखी यातले काहीही करत नाही. तो दारावर बोटाच्या पेराने तीनदा टकटक करतो, कान देतो आणि मान हलवतो. टकटकीतून नेमके काय कळते हे त्याने आजवर कोणाला सांगितलेले नाही. भोके तो मोजतो, पण कौतुकाने.

वय ठरवण्याची त्याची रीत वेगळीच आहे. मैंदर्गीत आत्या म्हणते, ‘‘आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी केलं.’’ सोलापूर सोडेपर्यंत ते स्वातंत्र्यापूर्वीचे होते. टेंभुर्णीला चहा पिताना ब्रिटिशकालीन. हडपसर येईतो त्यावर एखाद्या संस्थानाचा शिक्का बसलेला असतो, आणि घरी पाहुण्यांसमोर ते थेट पेशवाईत जाऊन पोचते. पुणे-सोलापूर रस्त्यावर इतक्या वेगाने दुसरे काहीही मागे जात नाही.

सौद्यात तो हमखास हरतो. मैंदर्गी दुभाषी गाव आहे. व्यवहार मराठीत सुरू होतो आणि ऐन मोक्याला कानडीत शिरतो. आत्या आणि शेजारीण दोनच वाक्ये बोलतात, त्यांतला ‘हुच्च’ एवढा शब्द पारख्याला कळतो, म्हणजे वेडा, आणि तो आपल्याला उद्देशून नसावा असे तो समजतो. पैसे घ्यायला आत्या तयार नसते. ‘‘तुझ्याकडनं काय पैशे घ्यायचे बाळा? नवं गोदरेजचं तेवढं घेऊन दे.’’ या रक्ताच्या नात्याचा हिशेब बाजारभावाच्या वर जातो, हे त्याला शोरूममध्ये उमजते.

पुढचा अडथळा लिफ्ट. खोलीचे माप घेणारे पारखी थोडे, जिन्याच्या वळणाचे घेणारे त्याहून थोडे आणि लिफ्टच्या दाराचे कोणीच घेत नाही. साडेसहा फुटी कपाट चौथ्या मजल्यावर खांद्यावरून चढते, आणि हमालीचा आकडा घरात सांगितला जात नाही. मग हवामान आपले काम सुरू करते. सोलापूरच्या कोरड्या हवेत, चाळिशीपार उन्हाळे काढून आटलेले लाकूड ठाण्याच्या जुलैत ओल पिते आणि फुगते. खण अडकतात, दारे मिटेनाशी होतात. जाणता सुतार अशा वेळी रंधा मारत नाही, कारण हिवाळ्यात तेच खण खुळखुळू लागतील; तो सरकपट्टीला मेणबत्ती घासून थांबायला सांगतो. पारख्याला थांबवत नाही.

कपाटात काय ठेवायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि बहुधा सुटत नाही. किराणा दुकानाचे चोवीस खणांचे कपाट आणणाऱ्याला जिरे, ओवा, बडीशेप या जुन्या चिठ्ठ्या पुसवत नाहीत. मोबाइलचा चार्जर ओव्यात असतो आणि वीजबिल खडीसाखरेत. दुधातुपाचे जाळीचे कपाट, ज्याचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवत, ते फ्रिजशेजारी पुस्तके घेऊन उभे राहते. वाट्याही असतात, कोरड्या. शिसवी कपाटात तर काहीच ठेवायचे नसते, फळ्यांवर भार येतो. घरातले खरे सामान पलंगाखालच्या प्लास्टिकच्या डब्यांत जाते. पत्नीने हे डबे मोजलेले असतात.

चर्चेत तो दिनकर केळकरांचे नाव घेतो. काका केळकरांनी वाड्यावाड्यांतून दारे, दिवे, पेट्या गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभारलेला तो संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. पारख्याला यातला गोळा करण्याचा अर्धा भाग विशेष भावतो. त्याची तीर्थक्षेत्रे म्हणजे पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईची मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीची फर्निचरची दुकाने. तिथे पाडलेल्या बंगल्यांचे खरे सागवान आणि कालपरवा घडवून जुने केलेले कपाट एकाच धुळीखाली उभे असते.

या जातीची एक नवी शाखा अलीकडे लोखंडी कपाटाकडे वळली आहे. गोदरेजने पोलादी कपाट १९२३ मध्ये बाजारात आणले, म्हणजे ज्याने घराघरांतल्या लाकडी पेटारे-संदुका माळ्यावर धाडल्या त्या कपाटाच्या पहिल्या पिढीने स्वतःची शंभरी ओलांडली. नव्या शाखेचा पारखी मैंदर्गीत येतो तेव्हा लाकडाला हात लावत नाही. आरशाचे, हिरव्या रंगाचे, किल्ली फिरवताच धाडकन वाजणारे कपाट मागतो. भाच्याने घेऊन दिलेले नवे कपाट आत्या त्याला दाखवते. तो दारावर तीनदा टकटक करतो आणि ते जुने नाही म्हणून नाराज होतो. आत्या त्याला चहा देते आणि आणखी काही वर्षांनी ये म्हणते.