सल्ल्याचं दुकान

महाडच्या एमआयडीसीत अकरा वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढल्यावर आमच्या भाच्याने राजीनामा दिला आणि कार्डं छापून आणली. नाव बारीक टायपात, 'कन्सल्टंट अँड ट्रेनर' ठळक. "मामा, आता मी कुणाचा नोकर नाही," म्हणाला. मी म्हटलं, "बरोबर. नोकराला एकच साहेब असतो. तुला आता प्रत्येक कंपनीचा अकाउंट्सवाला साहेब."

आपल्याकडे सल्ला ही विकायची वस्तू आहे हेच मुळात कुणाला पटत नाही. एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभे राहा. गुडघेदुखी, जमिनीची वाटणी आणि पोरीचं लग्न या तिन्हींवर तोडगा मिळतो, वर चहा समोरचाच पाजतो. अशा गावात भाचा सल्ल्याचे पैसे मागायला निघाला. पहिलं बोलावणं एका कारखान्याचं. "जरा येऊन नजर टाकून जा." याने तीन तास नजर टाकली. मुदत संपलेली अग्निशामक सिलिंडरं, कुलूप घातलेला आपत्कालीन दरवाजा, सगळं दाखवलं. त्यांनी आठवड्यात दुरुस्त करून घेतलं. बिल पाठवलं तर फोन आला, "अहो, नुसतं बघायलाच तर बोलावलं होतं!"

दुसऱ्या कारखान्यात शहाणा झाला. आधी वर्क ऑर्डर, मग प्रवचन. तिथे बिलाला नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले आणि थांबले.

कागदावर या माणसाची काळजी सरकारने भरपूर घेतली आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लहान धंद्याचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, नाहीतर चक्रवाढ व्याज द्यावं, असा कायदा 2006 सालापासून आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. इकडे व्यावसायिक फीमधून 10 टक्के टीडीएस मात्र कंपनी न चुकता कापते. भाचा म्हणतो, उरलेले 90 टक्केही तेवढ्याच तत्परतेने सुटले असते तर मी राजा. चक्रवाढ व्याज मागितलंस का, म्हणून विचारलं. "मागितलं तर पुढचं काम कोण देईल?" कायदा एका बाजूला, पुढचं काम दुसऱ्या बाजूला. स्वतंत्र सल्लागाराचं स्वातंत्र्य या दोन्हींच्या मध्ये मावतं.

तोंड पाडून बसला होता, म्हणून त्याला याच महाडशी नातं असलेल्या एका सल्लागाराची गोष्ट सांगितली. कोलंबियाची पदवी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास, बडोद्याच्या नोकरीतून 1917 साली अपमान सोसून मुंबईत परतलेले. पोटासाठी शिकवण्या केल्या आणि शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. अर्थशास्त्राचा एवढा अभ्यास केलेला माणूस गुंतवणुकीचा सल्ला देतोय, गिऱ्हाईक येऊ लागलं. मग गिऱ्हाइकाला सल्लागाराची जात कळली आणि पेढी बसली. सल्ला चुकला म्हणून बसली असती तर धंद्याचा नियम म्हणून सोडून दिलं असतं. नोव्हेंबर 1918 मध्ये डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार 450 रुपये. तिथे त्यांचं अर्थशास्त्र चाललं, स्टाफरूममधल्या माठाला त्यांचा हात लागलेला काही सहकाऱ्यांना चालला नाही.

पुढची गंमत भाच्याला ठाऊक नव्हती. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉयंच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ शिक्षक होते. बॅरिस्टर होते, पण अशिलं बेताची, म्हणून जून 1925 ते मार्च 1928 पर्यंत हे तास. म्हणजे तुझ्याच कार्डावरचे दोन्ही धंदे, बाबा: आधी कन्सल्टंट, मग ट्रेनर. महाडकरांनी त्या ट्रेनरचा तास संपल्यावर काय केलं? शेणगोमूत्राने तळं 'शुद्ध' करून घेतलं. तळ्याचा दावा हायकोर्टात संपायला मार्च 1937 उजाडलं. दहा वर्षं. "तुझं बिल त्यामानाने ताजं आहे," मी म्हटलं. तो हसला नाही.

सल्ला कोणता, यापेक्षा देणारा कुठून आला हे बघायची खोड अजून मोडलेली नाही. भाच्याने आसपासच्या गावांसाठी दरडीबद्दलचं प्रशिक्षण सुचवलं, तर एका ठिकाणी उत्तर मिळालं, "मुंबईची पार्टी येणार आहे." पार्टी आली. पडद्यावर परदेशातला बर्फाळ डोंगर कोसळताना दाखवला. समोर नाचणी पेरणारी माणसं. टाळ्या, फोटो, प्रमाणपत्रं, पुलाव.

आणि हे कुठे? तळीयेच्या तालुक्यात. 22 जुलै 2021 ला दुपारी चारच्या सुमारास तिथे डोंगर खाली आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली. महाड शहर पुरात होतं, रस्ते बंद, फोन बंद. बचाव पथकं तळीयेत पोचली दुसऱ्या दिवशी. यात पथकांची चेष्टा नाही. पाण्याखालच्या रस्त्याने कुणीही वेळेत येऊ शकत नाही. पण याचा सरळ अर्थ असा की पहिली संध्याकाळ आणि पहिली रात्र गावाकडे गावच असतं. दोर कुणाच्या घरी, बॅटरी कुणाकडे, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, अंधारात कुठल्या वाटेने निघायचं. विहिरीचं पाणी एकाएकी गढूळ झालं, जमिनीला भेग पडली, विजेचा खांब कलला, तर कुणी कुणाला हाक मारायची. शिकवायचं आहे ते एवढंच, आणि त्याला बर्फ लागत नाही. नंतर तळीयेत पुढारी, भूशास्त्रज्ञ, कॅमेरे सगळे येऊन गेले. म्हाडाच्या घरांची वाट बघत माणसांनी पावसाळे कंटेनरमध्ये काढले. त्या पत्र्यावर पाऊस कसा वाजतो, याचं प्रशिक्षण ती माणसं कुठल्याही सल्लागाराला देऊ शकतील.

धंद्याची खरी अडचण इथे आहे. ज्याला पैसे परवडतात त्याला सल्ला नको असतो, प्रमाणपत्र हवं असतं. इन्स्पेक्टर आला की भिंतीवर दाखवायला. ज्याला सल्ला हवा असतो त्याच्या खिशात पैसे नसतात. भाच्याला म्हटलं, भिंतीवाल्यांकडून दुप्पट घे आणि वाड्यांवर जा. हा माझा सल्ला, अर्थात फुकट.

मे महिन्यात तो तळीयेच्या अलीकडच्या एका वाडीवर गेला. प्रोजेक्टर नेला नाही, दोर नेला. देवळासमोर तासभर बोलला. एक म्हातारी मध्येच उठली. "पोरा, हे समदं आमी बघितलंय. रातचं थाळी कोन वाजवनार, त्येवढं ठरवून दे." ठरलं. दोन घरं, आळीपाळीने, पाऊस लागून राहिला की रात्रभर जागायचं. हा ठराव कुठल्याही रजिस्टरात नाही.

कारखान्याचं बिल आज 97 दिवसांचं झालं. वाडीने फी त्याच संध्याकाळी चुकती केली: एक पायली नाचणी आणि एक कापा फणस. यावर टीडीएस कसा कापायचा, हे वाचकांपैकी कुणा सीएला माहीत असेल तर कळवावं. फी मागू नये.